नकाशातलं दुकान

पहाटे साडेचार

भाऊ आधी मेथीचे देठ बघतात. पाणी मारलं की पानं टवटवीत दिसतातच, पण देठ वाकला की जुडी कालची आहे हे कळतं. मार्केट यार्डातून निघालेल्या या मेथीला गुलटेकडीपासून हिंजवडीच्या पलीकडे, मुळशी तालुक्याच्या हद्दीत जायचं आहे आणि तिथे सोसायटीच्या गेटवर गिऱ्हाईक खाली उतरेपर्यंत थांबायचं आहे. म्हणून ताठ देठाचीच घ्यायची. मग कोथिंबीर, मिरची, आलं, टोमॅटोचे क्रेट, कांद्याचं एक पोतं. "बाजू, बाजू" करत हमाल निघून जातात, भाऊंचा पुतण्या छोट्या हत्तीचा हौदा भरतो.

भाऊंचं दुकान किराण्याचं. गावठाणात, त्यांच्या वडिलांनी काढलेलं. किराणा दुकानदाराने पहाटे टेम्पो घेऊन भाजीला जावं अशी वेळ त्यांच्यावर येण्याचं कारण नव्हतं. गावाशेजारच्या भाताच्या खाचरांत उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यानंतर ती आली. त्यातल्याच एका इमारतीत मी राहते. घर घेताना आम्हाला जे माहितीपत्रक दिलं होतं त्याच्या मधल्या दोन पानांवर रुंद फुटपाथ होता, झाडं होती आणि झाडांखाली ओळीने दुकानं होती: किराणा, औषधं, बेकरी, सलून, इस्त्री. घरं मिळाली, दुकानं मिळाली नाहीत. पण दुकानांनी जे काम करायचं होतं ते रोज होतंच आहे आणि कुणाच्या तरी अंगावर पडतंच आहे. ते कुणाच्या अंगावर पडतं हे बघायला मी आज भाऊंच्या टेम्पोत बसले.

सकाळी साडेसहा

टेम्पो गेटच्या आत येत नाही. बाहेरून येणाऱ्याला आतल्या कुणीतरी मोबाइलवरून परवानगी द्यायची, मगच दांडा वर होतो, असा नियम आहे. भाऊ कुणा एकाकडे आलेले नसतात, त्यामुळे त्यांना परवानगी देणारंही कुणी नसतं. टेम्पो रस्त्याच्या कडेला मातीत उभा राहतो. पावसाळ्यात तिथे घोटाभर चिखल असतो.

पहिल्या येतात त्या डबे करायचे असलेल्या बायका. "भाऊ, कढीपत्ता?" "कोथिंबिरीत घातलाय, ताई." सात वाजता शाळेच्या बस लागतात, तसे मुलांचे बाप धावत येतात. एकाला पिवळा चार्ट पेपर हवा असतो. मुलाने रात्री दहाला सांगितलेलं असतं आणि तो आजच न्यायचा असतो. भाऊ सीटच्या मागून गुंडाळी काढतात. मी मागे वाकून पाहिलं. चार्ट पेपर, डिंकाच्या बाटल्या, टॉर्चचे सेल, सुईदोरा, बटणं, कापूर, फुलवाती, जानवी, पेनाच्या रिफिली, मच्छर अगरबत्ती.

"सुरुवातीला नुसती भाजी आणायचो," भाऊ म्हणाले. "लॉकडाऊनमध्ये. तेव्हा तुम्हा लोकांना बाहेरच पडता येत नव्हतं. मग एकेक जण विचारायला लागलं. कुणाला आठ आण्याची वस्तू लागायची, पण तिच्यासाठी चार किलोमीटर गाडी काढायची."

२०२०च्या मार्चमधली टाळेबंदी आमच्या वसाहतीला फार अवघड गेली. किराणा दुकानं उघडी ठेवायची परवानगी सरकारने दिली होती, पण उघडं ठेवायला आमच्याकडे दुकानच नव्हतं. गावातून भाऊ पास काढून आले नसते तर पहिले दहा दिवस कसे गेले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

नवव्या मजल्यावरच्या एक आजी खाली येत नाहीत. त्यांचे गुडघे गेलेत. त्या गेटच्या इंटरकॉमवर यादी सांगतात, सिक्युरिटीचा मुलगा ती वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतो, भाऊंचा पुतण्या पिशवी घेऊन वर जातो. त्यात वीस मिनिटं जातात आणि तेवढा वेळ टेम्पोवर एकटे भाऊ. या आजी सत्तर वर्षं स्वतःची भाजी स्वतः निवडून घेत आल्या होत्या. जिन्याखाली दुकान असतं तर काठी टेकत त्या आजही गेल्या असत्या. गाडी चालवता येणाऱ्या माणसाला दुकान नसण्याचा त्रास होतो, पण त्याची सोय होते. ज्याला गाडी चालवता येत नाही तो दुसऱ्याच्या हाताकडे बघत राहतो: म्हातारी माणसं, मुलं, घरात एकच गाडी असेल आणि ती नवऱ्याने नेली असेल तर बाईसुद्धा. बारा वर्षांच्या मुलाला "जा, अर्धा किलो साखर घेऊन ये" असं सांगता येत नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. हिशेब, उरलेले पैसे, ओळखीच्या दुकानदाराशी बोलणं, रस्ता ओलांडणं, हे सगळं मूल त्या अर्ध्या किलो साखरेत शिकतं.

साडेनऊ

भाजी संपत आली. भाऊ म्हणाले, "चला, तुम्हाला तुमची दुकानं दाखवतो."

वसाहतीच्या आग्नेय कोपऱ्यात पत्र्याचं कुंपण आहे. आत रानतुळस आणि घाणेरी माजली आहे, एका बाजूला उरलेल्या फरशा आणि मोडकी परांची. कुंपणावर फलक आहे, त्यावर दुकानांचं तेच चित्र आणि 'लवकरच'. उन्हाने त्यातला लाल रंग उडून गेला आहे.

भाऊंनी इथे गाळा घ्यायचा म्हणून चौकशी केली होती. ताबा सुरू झाला तेव्हा विक्री कार्यालयात गेले. चौरस फुटाचा दर फ्लॅटच्या जवळपास दुप्पट सांगितला. भाड्याने देता का, असं विचारलं तर भाड्याने द्यायचे नाहीत. पुन्हा गेले तेव्हा सांगितलं, अजून विक्री उघडलेली नाही, पुढच्या टप्प्यात. तिसऱ्यांदा विक्री कार्यालयच नव्हतं, ते दुसऱ्या प्रकल्पाकडे हललं होतं. भाऊंच्या चुलत्यांची जमीन याच प्रकल्पात गेली आहे. व्यवहाराच्या वेळी, गावातल्या पोरांना आधी गाळे देऊ, असं तोंडी सांगितलं होतं म्हणतात. तोंडी.

यामागे बिल्डरचा हिशेब काय असतो, तो समजून घ्यायला हवा. घरं निम्मी रिकामी असताना दुकान चालत नाही आणि चालत नाही त्या दुकानाला भाव येत नाही. म्हणून गाळे शेवटी बांधायचे, वस्ती भरली की चढ्या दराने विकायचे. कागदावर हे बरोबर दिसतं. पण वस्ती भरेपर्यंतच्या वर्षांत माणसांना सवय लागते. शनिवारी गाडी काढून महामार्गावरच्या मोठ्या दुकानातून महिन्याचं सामान भरायचं, उरलेलं ॲपवर मागवायचं. मग गाळे बांधले तरी ते घेणारे दुकानदार टिकत नाहीत. त्या जागी मग कुठल्यातरी बँकेचं एटीएम येतं, एखादी जमिनीची दलाली करणारी कचेरी येते आणि बाकीची शटरं खाली. पुण्याच्या पश्चिमेला अशा ओळी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. उशिरा आलेलं दुकान न आल्यासारखंच असतं.

वस्ती वसवणाऱ्यांना हे पूर्वी ठाऊक होतं. पेशवाईत पुण्यात नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजनांना वतन देऊन बोलावत आणि येणाऱ्या व्यापाऱ्या-कारागिरांना काही वर्षं कर माफ करणारा कौल देत. आधी वाणी, तेली, तांबोळी यांना बसायला जागा आणि हातपाय रोवायला सवलत. कारण बाजार लागला की घरं होतात, हे वसवणाऱ्याला माहीत होतं आणि सुरुवातीचं नुकसान त्याने स्वतः सोसायचं हेही. विसाव्या शतकात अमेरिकेत नियोजक क्लॅरन्स पेरीने १९२९ साली शेजाराचा जो आराखडा मांडला, त्यात घरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कडेच्या चौकांत दुकानं होती. चंदीगडच्या सेक्टरांमधून जाणारा एक रस्ता वास्तुविशारद ल कॉर्बुझिएने दुकानांसाठीच आखला. आपल्याकडे १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईचे नोड आखताना सेक्टरांत दुकानांच्या जागा धरल्या. त्या आखणीत चुका नव्हत्या असं नाही, पण दुकान हा घरांच्या गणिताचाच भाग होता. आमच्याकडे ते विकायच्या मालातला शेवटचा नग झालं.

दुपारी बारा

सी इमारतीत एक निवृत्त गणिताच्या शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर फायली पसरलेल्या होत्या. भाऊंनी त्यांचं तांदळाचं पोतं आत आणून ठेवलं, पाणी प्यायले आणि गावाकडे गेले. मी थांबले.

बाईंनी तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिलं माहितीपत्रक. त्यात दुकानांचं चित्र आहे, आणि खाली अगदी बारीक अक्षरांत 'चित्र केवळ कल्पनेसाठी'. दुसरा विक्री करार. त्याच्या परिशिष्टात सुविधांची यादी आहे: पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, क्लबहाउस, मुलांची बाग. दुकानं नाहीत. पण करारालाच जोडलेल्या नकाशात आग्नेयेला एक चौकोन आहे, 'कन्व्हिनियन्स शॉपिंग, भावी टप्पा'. तिसरा कागद महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून छापलेला. तिथे आमच्या इमारतींचा टप्पा नोंदलेला आहे, त्याला पूर्णत्वाची तारीख आहे. त्या चौकोनाच्या टप्प्याची नोंदणीच नाही, म्हणून त्याला तारीखही नाही.

"बघ," बाई म्हणाल्या, "दुकान पुसलं कुणीच नाही. यातल्या दोन कागदांवर ते आहे. फक्त कुठल्याच कागदावर त्याची जबाबदारी नाही."

स्थावर संपदा कायदा संसदेने २०१६ साली केला आणि महारेराचं काम १ मे २०१७पासून सुरू झालं. त्याआधी आपल्याकडे १९६३चा मोफा, म्हणजे राज्याचा सदनिका मालकीचा कायदा, होता, तो अजूनही आहे. नव्या कायद्याने खूप काही दिलं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे, हे त्यातलं एक. पण मोठा प्रकल्प टप्प्याटप्प्याने बांधायचा असेल तर प्रत्येक टप्पा हा कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र प्रकल्प. त्यामागे विचार चांगला होता, एका टप्प्याचा पैसा दुसरीकडे वळू नये. मात्र याच तरतुदीमुळे ज्या टप्प्यात घरं आहेत त्यात दुकान नाही आणि ज्या टप्प्यात दुकान आहे त्यात विचारणारं माणूस नाही, असंही करता येतं. आमच्या बाबतीत तसंच झालं आहे.

बाईंनी पिवळ्या पेनाने कलमं अधोरेखित केली होती. कलम २ मधल्या सामायिक क्षेत्राच्या व्याख्येत प्रकल्पात दिलेल्या सामुदायिक आणि वाणिज्यिक सुविधांचाही समावेश आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या मनात दुकान होतं. कलम १२ सांगतं, जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात खोटं लिहिलं आणि त्यावर विसंबून पैसे भरलेल्या माणसाचं नुकसान झालं तर भरपाई द्यायची. आणि त्याला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासकट परत. कलम १४प्रमाणे मंजूर नकाशात किंवा सामायिक क्षेत्रात बदल करायचा तर किमान दोन तृतीयांश सदनिकाधारकांची आधी लेखी संमती लागते. आमच्या करारात बिल्डरने सगळ्या भावी बदलांना आधीच संमती घेऊन ठेवलेली आहे. तिचाही बाईंनी विचार केला होता. मोफाच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने अशी सरसकट संमती मान्य केलेली नाही. बदल काय आहे ते नीट सांगून, त्या बदलापुरती घेतलेली संमती हवी.

आणि ऑगस्ट २०२०मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. बेंगळुरूच्या एका गृहप्रकल्पातल्या ३३९ सदनिकाधारकांचं प्रकरण. ताब्याला झालेल्या उशिराबरोबर, सांगितलेल्या सुविधा दिल्या नाहीत हीही तक्रार होती. त्यात शाळा, दवाखाना, दुकानांचं संकुल हे सगळं आलं होतं. घर घेणारा माणूस या सुविधांचा विचार करून पैसे गुंतवतो, त्या कुटुंबाच्या जगण्याशी आणि घराच्या मोलाशी जोडलेल्या असतात, त्यामुळे विकासकाने केलेलं निवेदन फोलपट म्हणून उडवून लावता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय.

माझं मत इथे स्पष्ट सांगते. पोहण्याचा तलाव उशिरा आला तर चालेल. तलावाशिवाय आमची आयुष्यं गेलेली आहेत. पण करारांच्या परिशिष्टांत तलाव असतो आणि दुकान नसतं, कारण तलावाचा फोटो घर विकतो आणि नंतर त्याचा देखभाल खर्च रहिवासी भरतात. दुकान सुरुवातीला नुकसानीत जातं आणि ते नुकसान बिल्डरला सोसायचं नसतं. दुकानांना पहिल्या टप्प्याच्या नोंदणीत घातलं पाहिजे, तारखेसकट. घरांचा ताबा आणि निदान किराणा-औषधांचा एक-एक गाळा एकाच वेळी, हे करारात लिहून घेतल्याशिवाय कुणी गावाकडच्या नव्या प्रकल्पात पैसे भरू नयेत.

दोन

भाऊंच्या दुकानात वहिनी बसल्या होत्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. दुकान जेमतेम दहा बाय बाराचं, पण छतापर्यंत भरलेलं. शेजारी पिठाची गिरणी. तिच्या दारात आमच्या सोसायटीतले डबे ओळीने ठेवले होते, झाकणांवर फ्लॅटचे नंबर. गिरणीवाल्याने सगळे दळून ठेवले होते. संध्याकाळच्या फेरीत भाऊ नेतील.

तयार पिठाच्या पिशव्या मिळत असताना ही उठाठेव का, असं मला एकदा एकाने विचारलं होतं. ज्वारीचं पीठ शिळं झालं की भाकरी चिरते, थालीपीठाची भाजणी दुकानात मिळते ती आपल्या घरची नसते, आणि दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी दळायची तर गिरणीच लागते. माहितीपत्रकात गिरणी नव्हती, हे खरं. पण तिथे एक गाळा रिकामा असता तर गिरणी आलीच असती. गाळ्यात काय येईल हे वस्ती ठरवते. म्हणून गाळे हवेत.

भाऊ जेवले आणि अर्धा तास आडवे झाले. वहिनींनी मला टेम्पोचा खर्च सांगितला: डिझेल, पुतण्याचा पगार, वाया जाणारी भाजी. साखर-तेलात फार सुटत नाही, साबण-बिस्किटांत कंपनी ठरवेल तेवढंच सुटतं. "सोसायटीत गाळा मिळाला असता तर हे पहाटेचं उठणं नसतं," त्या म्हणाल्या. "त्यांना पाठीचा त्रास आहे."

साडेचार

संध्याकाळची फेरी पिठाच्या डब्यांची आणि औषधांची. औषधांचं दुकान महामार्गाजवळ आहे. भाऊंना औषधं विकता येत नाहीत आणि ते विकतही नाहीत. त्याला परवाना लागतो, नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो आणि ते योग्यच आहे. लोक डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो औषधांच्या दुकानाला पाठवतात, पैसे मोबाइलवर भरतात, भाऊ नावं लिहिलेल्या पाकिटांची पिशवी उचलतात. याचे ते पैसे घेत नाहीत. रक्तदाबाच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या गोळ्या. आज त्यात लहान मुलाचं तापाचं औषधही होतं, ते घ्यायला आई गेटवर येऊन थांबली होती. ताप सकाळपासून होता. नवरा ऑफिसात, गाडी त्याच्याकडे, रिक्षा इथपर्यंत यायला तयार नसते, पीएमपीएमएलची बस तासाभराने.

त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून मी सकाळपासून काढलेली सगळी टिपणं बाजूला ठेवली. वाणिज्यिक सुविधा म्हणजे शेवटी हे आहे, तापलेल्या मुलाला घरी ठेवून आईने गेटवर टेम्पोची वाट बघणं.

सहा

कामाच्या मावश्या सुटतात. मारुंजीकडे, काही त्याहून पुढे, चालत. सकाळी आठला आलेल्या असतात. दिवसभरात त्यांना चहा मिळतो तो कुठल्या घरात दिला तर. आमच्या गेटपासून चहाची सगळ्यात जवळची टपरी दीड किलोमीटरवर आहे. सिक्युरिटीची मुलं बारा तासांच्या पाळीला येतात, ड्रायव्हर असतात, लिफ्ट दुरुस्त करणारे, प्लंबर, माळी, सफाईवाले. दुकानांविषयी आमच्या बैठकांमध्ये इतकी चर्चा झाली, पण या माणसांनी दुपारी काय खायचं हा मुद्दा कधी आल्याचं मला आठवत नाही. दुकानांच्या ओळीत एक वडापावची गाडी, एक चहाचं दुकान येतंच. माहितीपत्रकात ते काढलेलं नसतं, तिथे कॉफीचं दुकान काढलेलं असतं. पण इथे रोज राबणाऱ्या शेकडो माणसांना बसायला, पाणी प्यायला, दहा रुपयांत पोटात काही टाकायला ती एकच जागा असती.

भाऊ संध्याकाळी थर्मास आणतात. मावश्यांना चहा पाच रुपये. त्यांच्या वह्यांत उधारी सगळ्यात कमी या बायकांची असते, असं ते म्हणाले.

आठ

क्लबहाउसमध्ये बैठक. तीसेक माणसं. बिल्डरचा प्रतिनिधी येणार होता, आला नाही. ईमेल आला की पुढच्या टप्प्याचं काम बाजाराची परिस्थिती पाहून सुरू होईल.

एक तरुण म्हणाला, आता दुकानं हवीतच कशाला, ॲपवर सगळं येतं. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं की त्यांची गोदामं इथून लांब आहेत, दहा मिनिटं इथे पाऊण तास होतात आणि जोराचा पाऊस असला की ऑर्डरच घेत नाहीत. एक गृहस्थ म्हणाले, दुकानं आली की बाहेरची गर्दी येते, पार्किंगचा घोळ होतो, घरांचे भाव पडतात. हे त्यांनी मनापासून सांगितलं आणि खोलीतल्या पुष्कळांच्या मनात ते आहे, हे मला दिसलं. मला ते पटत नाही. रात्री साडेनऊला दुकानाचा उजेड असलेल्या रस्त्यावरून मुलगी बसस्टॉपपासून चालत येऊ शकते. आमच्या पत्र्याच्या कुंपणाजवळून कुणी येत नाही. वर्दळ म्हणजे धोका नव्हे. ज्या रस्त्यावर ओळखीचा दुकानदार बसलेला असतो तो रस्ता राखलेला असतो.

क्लबहाउसची एक खोली दुकानाला द्यावी, अशी सूचना आली. ती चांगली वाटली, पण मंजूर नकाशात क्लबहाउस म्हणून असलेल्या जागेचा वापर बदलायचा तर पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, परवानगी लागेल, शिवाय आपणच तिथे दुकान काढलं की बिल्डर म्हणेल, गरज भागली. एका काकूंनी मुंबई ग्राहक पंचायतीची आठवण काढली. १९७५पासून तिथे कुटुंबं संघ करून महिन्याचं सामान एकत्र मागवतात, वाटून घेतात. त्या दादरला असताना वीस वर्षं त्यांच्या संघाचं काम करत होत्या. तांदूळ आणि डाळींपुरतं आपणही करू, असं ठरलं. पण काकू स्वतःच म्हणाल्या, "यानं महिन्याचं भागतं. रोजचं नाही भागत."

मग बाई उठल्या. महारेराकडे तक्रार सोसायटी म्हणून करता येते, शुल्क पाच हजार रुपये. आधी सलोखा मंचाकडेही जाता येतं. २०१८पासून तिथे ग्राहक संघटनेचे आणि विकासकांच्या संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. बाईंचं म्हणणं, भरपाई मागायची नाही. माणशी काही हजार रुपये घेऊन आपण गप्प बसू आणि तो कोपरा तसाच राहील. मागायची ती तारीख. तो टप्पा नोंदवा, आणि तोवर त्याच जागेवर तात्पुरत्या बांधकामात किराणा आणि औषधं. ठराव मांडला गेला. सात जणांनी विरोध केला, बाकीच्यांनी हात वर केले.

साडेनऊ

गेटबाहेर भाऊ टेम्पोची ताडपत्री बांधत होते. बाई आणि मी त्यांच्याकडे गेलो. बाईंनी विचारलं, तात्पुरता गाळा मिळाला तर तुम्ही याल का, आणि कोणत्या भाड्याने?

भाऊंनी लगेच हो म्हटलं नाही. आमच्या इमारतींकडे बघून ते म्हणाले की रात्री किती खिडक्यांत उजेड असतो ते त्यांना पाठ आहे. साठ टक्के घरं भरलीत, त्यातली निम्मी महिन्याचं सामान बाहेरूनच आणतात, ती त्यांची होणार नाहीत. उरलेल्यांवर दुकान चालवायचं तर पहिलं वर्ष भाडं नको, फक्त वीजबिल. दुसऱ्या वर्षी निम्मं. तिसऱ्या वर्षापासून गावठाणातल्या दराने पूर्ण. पक्के गाळे बांधले की पहिला हक्क त्यांचा, भाड्याने. शेजारच्या गाळ्यात गिरणी येऊ द्यायची. आणि टेम्पोला गेटच्या आत यायची परवानगी, कारण वरच्या मजल्यांवर पोचवणं चालूच राहणार.

"आणि हे सगळं लेखी, बाई," ते म्हणाले. "आमच्या चुलत्यांना तोंडी सांगितलं होतं."

बाईंनी पर्समधून ठरावाचा मसुदा काढला, टेम्पोच्या सीटवर ठेवला आणि मोबाइलच्या उजेडात तात्पुरत्या गाळ्याच्या मागणीखाली भाऊंच्या अटी एकेक करून लिहून घेतल्या. गिरणीची अट लिहिताना त्यांनी त्यापुढे कंसात 'तीन फेज वीजजोडणी' असं स्वतःहून घातलं.